शास्त्री नदीकाठी पुराची रेघ आखायला गेलो तेव्हा

पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यात फिरायला जावं का, असं मला बरेच जण विचारतात. मी 'जा' म्हणते. मालगुंड, गणपतीपुळे, देवरूखच्या मागचे डोंगर, सगळं त्या दिवसांत बघण्यासारखं असतं. फक्त नदीकाठी मुक्काम ठरवला असेल तर सामान ठेवण्याआधी घराच्या मागे चढ कुठे आहे तेवढं बघून घ्या. का, ते सांगायला ही पोस्ट लिहिते आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी नुकतीच सिव्हिल इंजिनिअर होऊन पुण्यातल्या एका कार्यालयात लागले होते. माझे वरिष्ठ सबनीस साहेब. किडकिडीत माणूस, खिशात कायम खडीसाखर. आमचं काम पुराचे नकाशे करायचं. गावोगाव जाऊन पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं, तिथली उंची मोजायची आणि नकाशावर निळी रेघ ओढायची. सबनीसांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. हवा तापत चालली आहे, पावसाची रीत बदलेल, अशी चर्चा तेव्हा कुठे सुरू झाली होती आणि ते ती मन लावून वाचत. ते म्हणायचे, "आपण मागच्या पावसाचा नकाशा करतो आणि पुढच्या पावसात राहणाऱ्यांच्या हातात देतो. हे काही बरोबर नाही."

म्हणून त्यांनी दुसरी, तांबडी रेघ काढायचं ठरवलं. आजवर पडला त्याहून मोठा पाऊस धरायचा आणि त्याच वेळी खाडीला उधाणाची भरती आहे असं समजून नदीचं पाणी कुठवर चढेल ते गणिताने काढायचं. त्यासाठी त्यांनी निवडलं संगमेश्वरच्या खालच्या अंगाला, शास्त्री नदीच्या काठावरचं एक गाव. त्याला मी केतकवाडी म्हणते. खरं नाव सांगत नाही. तिथवर भरतीचं पाणी येतं. आई म्हणाली, "पावसाळ्यात कशाला? दिवाळीनंतर जा की." पण नदी भरलेली असतानाच बघायची होती.

तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. कुंभार्ली घाटात दरड आलेली, म्हणून आमची लाल एसटी कोल्हापूरवरून आंबा घाटाने निघाली. घाटात धुकं इतकं, की कंडक्टर दारात उभा राहून ड्रायव्हरला रस्त्याची कड सांगत होता. माझ्या खिडकीखाली दरी होती; ती दिसत नव्हती, नुसता पाण्याचा आवाज यायचा. साखरप्याला थांबलो, गरम भजी आणि चहा घेतला. देवरूखला गाडी बदलून संगमेश्वर, आणि तिथून पुढे चिखलातून चालत. आज डांबरी रस्ता आहे, रिक्षाही मिळते.

केतकवाडी म्हणजे खाली नदी, मग भाताची खलाटी, म्हणजे सखल शेतं, मग घरं, घरांच्या थोडी वर जांभ्या दगडाची शाळा. शाळेच्या मागून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, डोंगरावरच्या उघड्या सड्यावर, कातळाच्या पठारावर जाते. सबनीसांची सोय शाळेत झाली, माझी सुलभावहिनींच्या घरी. त्यांचे यजमान बोटीवर खलाशी, आठ-नऊ महिने बाहेर. घरात वहिनी, त्यांची पाच वर्षांची मुलगी शमा आणि सासरे आप्पा. वहिनी बोलायच्या कमी आणि वाढायच्या भरपूर. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, भाजलेली सुकट. लॉजची चौकशी करणाऱ्यांना सांगते, असं जेवण तुम्हाला लॉजवर मिळायचं नाही.

आम्ही तिवईवर यंत्र लावून घरोघरी उंची मोजत हिंडलो. आप्पा छत्री घेऊन बरोबर असायचे. पुराची गोष्ट सांगताना त्यांना भारी हुरूप यायचा.

"माज्या बापानं ही शाळा बांधून घेतलीन," ते म्हणाले. "खलाटी भरली की आमी सगली वाडी शालंत जाताव. पाणी कदी पहिल्या पायरीला शिवला नाय."

दुसऱ्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. सगळ्यांचं म्हणणं जुळत होतं, आमची निळी रेघही तिथेच आली, शाळेच्या पायरीखाली.

मग पडवीत बसून मी तांबड्या रेघेचं गणित करायला घेतलं. कॅल्क्युलेटर, आलेखाचा कागद आणि सबनीसांनी दिलेले आकडे. खाडीकडून भरती पाणी अडवते, वरून पूर येतो, दोन्हींच्या मध्ये नदी फुगते. खालून एकेक टप्पा वर सरकत मी शाळेपाशी पोहोचले आणि हात थांबला. रेघ शाळेच्या खिडक्यांच्याही वरून जात होती. मी पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा सबनीसांनी केलं आणि तोंडातली खडीसाखर काढून कागदावर ठेवली.

"हे फक्त शक्य आहे, इतकंच," ते म्हणाले. "होईलच असं नाही. अजून कोणाला सांगू नकोस. भरतीचे आकडे मी अंदाजाने धरलेत. रत्नागिरीत मिरकरवाड्याला जाऊन बंदरावर नीट विचारून येतो."

दुसऱ्या दिवशी ते रत्नागिरीला गेले. त्याच दुपारी पाऊस वाढला.

पाऊस मी पुष्कळ पाहिला होता. हा वेगळा होता. सरी नव्हत्याच, कोणी धारा मोजूनमापून सोडाव्यात तसा एकसारखा, जराही न थांबता पडत राहिला. पन्हाळीचा आवाज इतका, की जेवताना एकमेकांना ओरडून सांगावं लागे. सबनीस परत आले नाहीत. रस्ता बंद झाल्याचं कोणीतरी सांगितलं. सकाळी उठून खळ्यात, म्हणजे अंगणात, आले तर खलाटी दिसत नव्हती. जिथे भाताची रोपं होती तिथे तांबूस पाणी फिरत होतं. भरतीसाठी कालनिर्णय बघायची गरजच नव्हती. वहिनी आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या की उद्या अमावास्या. म्हणजे खाडीला उधाण. भरती दुपारी.

वाडीत धावपळ नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटली. लोक सवयीने भांडी, धान्य, पोरं घेऊन शाळेकडे निघाले होते. बायका गप्पा मारत होत्या. आप्पांनी खांद्यावर तांदळाचं पोतं घेतलं.

मी त्यांना गाठलं. "आप्पा, शाळेत नको. आपण वर सड्यावर जाऊ या."

"एवढ्या पावसात? सड्यावर छप्पर कुठं हाय?"

"पाणी शाळेत येईल."

ते हसले. "कोन सांगतो?"

"मी गणित केलंय."

हे बोलताना मलाच ते किती पोकळ वाटलं. चोवीस वर्षांची मी, या नदीला आठवडाभर ओळखणारी. माझं चुकलं तर? भर पावसात म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं उघड्यावर नेऊन आजारी पाडायची? आणि बरोबर असलं तर, याचा विचार करायला मन तयार नव्हतं.

आप्पा म्हणाले, "पोरी, तू भ्यालीस. पहिल्यांदा बघतंस म्हणून." आणि पोतं सावरत शाळेत शिरले.

वहिनी मागे उभ्या होत्या, शमाला कडेवर घेऊन. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा गणित माला कलत नाय. पन आठ दिस तुमाला बघतंय. तुमी उगाच भिनाऱ्या नाय. कुठवर जायाचा ते सांगा."

मी नकाशा डोळ्यांसमोर आणला. पाखाडीच्या मध्यावर काजूच्या झाडांत गुरांचा एक मांगर होता, छप्पर शाकारलेला. तांबड्या रेघेच्या बराच वर. मी म्हटलं, "मांगरापर्यंत."

वहिनींनी गोठ्यात जाऊन गाईंची दावी सोडली आणि शाळेच्या दारात उभं राहून हाक दिली. त्यांनी गणिताबिणिताचं नाव काढलं नाही. "मी पोरीला घेऊन मांगरात जातंय. कोनाला यायाचा तर या." अर्ध्याहून जास्त बायका पोरांना घेऊन निघाल्या. आप्पा आणि बरीचशी पुरुषमंडळी राहिली.

पाखाडीवरून पाणी खाली धावत होतं, पायऱ्या दिसत नव्हत्या. मांगरात शेणाचा आणि ओल्या गवताचा वास, आम्ही एकमेकींना चिकटून बसलो. मी दारातून शाळेकडे बघत होते. दुपार झाली. मग नदी थांबल्यासारखी झाली. खरंच थांबली, इतका वेळ खाली धावणारे ओंडके आणि पेंढे जागच्या जागी गोल फिरायला लागले. भरतीने तिला अडवलं होतं. कागदावर हे मी एका ओळीत लिहिलं होतं. वाहायचं थांबलेलं पाणी आता फक्त चढत होतं, आवाज न करता.

पहिली पायरी गेली. मग वरची गेली. शाळेतून ओरडा ऐकू आला. वहिनींनी मांगरातला गुरांचा दोर घेतला, आम्ही खाली उतरून तो पाखाडीलगतच्या काजूला बांधून शाळेकडे सोडला. शाळेच्या मागच्या खिडकीतून माणसं एकेक करून बाहेर पडली, छातीइतक्या पाण्यातून दोर धरून चढली. आप्पा सगळ्यांत शेवटी. पोतं नव्हतं. वहिनींनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं. थंडीने त्यांचे दात वाजत होते.

मला सुटका झाल्यासारखं वाटलं. गणित बरोबर आलं होतं, आम्ही रेघेच्या वर होतो, आता पाणी थांबणार होतं.

ते थांबलं नाही.

शाळेच्या खिडक्या बुडाल्या. माझी रेघ तिथेच होती. पाणी ती ओलांडून कौलांपर्यंत आलं आणि तरीही चढत होतं. मी मांगराखालच्या एका दगडावर नजर ठेवली. तो बुडेल असं माझं कुठलंही गणित सांगत नव्हतं. तो बुडाला. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती आधीच्या भीतीसारखी नव्हती. आधी मला नदीची भीती वाटत होती. आता मी इतक्या माणसांना स्वतःच्या शब्दावर इथे आणून बसवलं होतं आणि माझ्याकडे पुढचा आकडाच नव्हता.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती त्यात, एका घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "ताई, तुमची रेघ आता कुठं हाय?"

"खाली राहिली, आप्पा," मी म्हटलं. "आता मला काही माहीत नाही. वर चला."

यावेळी कोणी वाद घातला नाही. आम्ही छप्पर सोडलं आणि सड्यावर गेलो, उघड्या कातळावर, डोक्यावर इरली आणि घोंगड्या घेऊन. शमाला मी पोटाशी धरलं होतं. खाली मांगराच्या दारातून पाणी आत गेलेलं दिसलं. तासाभराने ओहोटी लागली, ओंडके पुन्हा हलू लागले आणि नदी कशीबशी खाली सरकली. अंधार पडायच्या आत सड्यापलीकडच्या वाडीतली माणसं कंदील आणि पेज घेऊन आम्हाला न्यायला आली. माणूस एकही गेला नाही. खालची मातीची घरं सगळी बसली, वहिनींची एक गाय सापडली नाही.

सबनीस दोन दिवसांनी चालत आले. चिखलाने माखलेले, मला शोधत. मी दिसले तसे मटकन खाली बसले आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले. मग आम्ही यंत्र लावलं आणि मांगराच्या दाराला अडकलेल्या गवताची उंची मोजली. मला पट्टीवरचे आकडे वाचायचा धीर होत नव्हता. ते त्यांनी वाचले.

पुण्यात परतल्यावर सबनीसांनी तांबडी रेघ पुसली आणि तिच्या जागी रुंद पट्टा रंगवला, नदीकडे गडद, डोंगराकडे फिकट होत जाणारा. मोठ्या साहेबांनी विचारलं, "हा संपतो नेमका कुठे?"

"ते माहीत नाही," सबनीस म्हणाले.

"नकाशावर माहीत नाही असं कसं लिहायचं?"

"लिहायलाच हवं, साहेब. नाहीतर लोक रेघेवर जाऊन बसतात."

नकाशा बरेच महिने पडून राहिला. अखेर पट्ट्यासकट मंजूर झाला आणि केतकवाडीची नवी शाळा सड्यावर बांधली गेली. मी पुढे पंचवीस वर्षं हेच काम केलं. संगणक आले, उपग्रहाची चित्रं आली, आमची गणितं पुष्कळ सुधारली. आता पुढच्या हवामानाचा पाऊस धरून नकाशे करणं नेहमीचं झालं आहे. पण कुठलाही आकडा देताना मला अजून भीती वाटते, आणि ती असावी असंच मला वाटतं.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर सड्यावर जरूर चढा. पाखाडी आता सिमेंटची झाली आहे. वरून नदी अतिशय सुंदर दिसते.

त्या वेळी केतकवाडीहून घरी पोहोचले तेव्हा आईने पाणी तापवलं आणि डोक्यावरून हात फिरवला. आंघोळीला गेले आणि नळाखाली बादली लावली. पाणी हळूहळू काठाकडे चढायला लागलं. मी झटकन नळ बंद केला.

बाहेरून आई म्हणाली, "अगं, भरू दे की पूर्ण."

मी अर्ध्या बादलीत आंघोळ केली.