सुट्टीत सांग

बाटल्यांच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसांना एक खोड लागते. समोरचा बोलायला लागला की ती मान हलवतात. तुम्हाला वाटेल, पटलं. पटणं दूरच राहिलं, त्यांना एक अक्षर ऐकू आलेलं नसतं. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या खणखणत धावत असतात, कानांत बोळे असतात, आणि समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. मग मान हलवायची. तिचा अर्थ एवढाच, की तू बोलतोयस ते दिसलं, काय ते सुट्टीत सांग. भोंगा झाला की पट्टा थांबतो, सगळे नळापाशी जमतात आणि तुंबलेलं बोलून घेतात. नव्या माणसाची आठवडाभर फजिती होते आणि जुने पोट धरून हसतात.

घारताई तिथली जुनी. खरं नाव हजेरीपुरतं. उजेडाच्या पडद्यासमोर बसायचं, पुढून जाणाऱ्या बाटल्यांमधली चीर गेलेली, बुडबुडा धरलेली पटकन उचलून बाजूला टाकायची, हे तिचं काम. केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून घार. नवराही तिथलाच, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला क्रेट भरायचा. या टोकाकडून त्या टोकाला हातवारे आणि सुट्टीत बोलणं, असं करत करत त्यांचं लग्न नळापाशीच जमलं. त्या दिवसांत सुट्टी त्यांना पुरायची नाही.

लग्नाला वर्षं झाली, तरी पाळणा हलेना. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, तुम्ही दोघं नंदीबैलासारखे माना हलवत बसा नुसते. डॉक्टर गाठा आता." नणंद फटकळ खरी, पण तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. शेवटी दोघं गेली.

डॉक्टरीणबाईंनी पाढा वाचला. एएमएच, बेसलाइन, फॉलिकल, स्टिम्युलेशन, ट्रिगर. समजलं ना? घारताईने मान हलवली. शेजारी नवऱ्यानेही हलवली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, काय समजूतदार जोडपं आहे, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आता मला सांगा, त्या बाईंना कुठून कळणार? दवाखान्यात सुट्टीचा भोंगा होत नसतो.

घरीही तो होत नाही. मोठा दाखला द्यायचा तर पुढचं ऐका. नवरा त्याचा रिपोर्ट घ्यायला एकटा गेला. परत आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले?" तो "ठीक आहे" म्हणाला आणि अंघोळीला गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने दुपारची पाळी मागून घेतली. तिकडे माणसं कमी आहेत म्हणाला. तिची सकाळची पाळी, त्याची दुपारची. ती फाटकातून बाहेर पडायची तेव्हा तो आत शिरायचा. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायची. झाला संसार.

ती घरी यायची, त्याचं ताट झाकून ठेवायची आणि आपलं घेऊन खिडकीशी बसायची. समोरच्या इमारतीत कोणीतरी पोराला रागावत असायचं. घरात इतकी शांतता, की कानातले बोळे काढायचे राहिले की काय असं वाटून ती कानाला हात लावून बघायची. तो यायचा तेव्हा ती झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायची. त्यालाही ते माहीत असावं. फार एकटं वाटायचं तिला, आणि तेही सांगायचं कोणाला, हा प्रश्नच होता.

कारण तो आपल्याला का टाळतो ते तिला माहीत होतं, म्हणजे तिची तशी खात्री होती. तिचा एएमएच कमी आला होता. साठा कमी आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. साठा म्हटल्यावर घारताईच्या डोळ्यांसमोर कारखान्याचं गोदाम आलं. गोदाम रिकामं असलं की मुकादम ऑर्डरच घेत नाही, पार्टीला परत पाठवतो. तिने नवऱ्याला तसं सांगितलं होतं, तेव्हा त्याने मान हलवली होती आणि ताट सरकवलं होतं. तिने त्याचा अर्थ लावून टाकला. याने माझ्या बाबतीत हात झटकले. बोलत नाही, कारण माणूस भला आहे. भल्या माणसाने हात झटकले तर भांडता तरी कोणाशी येतं?

तरी ती दवाखान्याच्या पायऱ्या चढत राहिली, एकटीच. बेसलाइनसाठी पाळीच्या दुसऱ्या दिवशी या, असं सांगितलं होतं. तीही मानेनेच घेतलेली गोष्ट. आदल्या दिवशी बारीकसा डाग दिसला, तिने रजा टाकली आणि ती जाऊन बसली.

मोठ्या सिस्टरनी तिला आत घेतलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "अहो, तुमची पाळी अजून सुरूच झाली नाही. डाग धरायचा नाही. नीट रक्तस्राव सुरू होईल तो पहिला दिवस. मी मागे सांगितलं, तेव्हा मान हलवलीत की तुम्ही."

"हो," घारताई म्हणाली.

"परत यालच म्हणा दोन दिवसांत. पण यजमान कुठे आहेत? संमतीवर दोघांच्या सह्या लागतात. त्याशिवाय डॉक्टर या महिन्यात इंजेक्शनं सुरू करणार नाहीत."

"त्यांना आता नकोच असेल," घारताई म्हणाली, आणि तिला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. बाहेर बाया बसल्या होत्या, त्यांनी काय ऐकायचं ते ऐकलं.

सिस्टरनी दार लोटून घेतलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. "यातलं तुम्हाला काय काय कळलं नाही?"

"काहीच नाही."

इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा हे तोंडाने म्हटलं होतं. सिस्टर हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या. एएमएच म्हणजे अंदाज, म्हणाल्या. बीजांडकोशात बीजं अजून किती असतील याचा. कमी म्हणजे कमी, संपली असं नाही, आणि बीज चांगलं की वाईट हे त्यात कळत नाही. कमी असलं की वाट बघत बसायचं नाही, एवढंच. बेसलाइन म्हणजे सुरुवात करण्याआधी आतली परिस्थिती बघून ठेवायची. फॉलिकल म्हणजे बीज ज्यात वाढतं ती पाण्याची बारीक पिशवी. ती सोनोग्राफीत दिसते, बीज दिसत नाही, म्हणून जितक्या पिशव्या तितकी बीजं मिळतीलच असं धरायचं नाही. स्टिम्युलेशन म्हणजे त्या पिशव्या वाढाव्यात म्हणून रोजची इंजेक्शनं. आणि ट्रिगर हे शेवटचं, बीज पक्व करणारं. ते सांगितलेल्या वेळेलाच घ्यायचं, त्यात हयगय चालत नाही.

घारताई मधे मधे थांबवत होती, परत विचारत होती. एकदा सवयीने मान हलली, तर सिस्टर म्हणाल्या, "तोंडाने सांगा." तिला हसू आलं.

"आणि यजमानांचं काय घेऊन बसलात," सिस्टर म्हणाल्या, "त्यांचं तर ठीकच आहे. संख्या छान, हालचाल छान, आकार चार टक्के."

"चार टक्के?"

"हो. शंभरात चार शुक्राणू नीट आकाराचे असले तरी आम्ही ठीक धरतो. सगळ्यांचं असंच असतं थोडंफार."

घारताईचा हात पेल्यावरच राहिला. शंभरात चार. तिच्या पट्ट्यावर शंभरात चारच धड बाटल्या निघाल्या असत्या, तर भोंगा वाजवून सगळी लाइन बंद केली असती. मालकच धावत आला असता. आणि तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस, उभा जन्म तिने पास केलेला माल क्रेटमध्ये भरत आलेला. त्याला रिपोर्टच्या खिडकीतून कोणीतरी आकडा वाचून दाखवला असणार. समजलं ना, असं विचारलं असणार. आणि त्याने काय केलं असणार, हे तिला सांगायला नको होतं.

म्हणजे तो तिच्यापासून पळत नव्हता. तो लाजेने मेला होता.

ती तशीच कारखान्यात गेली. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, आज रजा ना तुमची? ती नळापाशी जाऊन उभी राहिली. भोंगा झाला, पट्टा थांबला, माणसं कानातले बोळे काढत बाहेर आली. तो सगळ्यांत मागे होता. तिला बघून जागीच थांबला, मग चेहरा पाडून जवळ आला.

"काय झालं?"

"चार टक्के म्हणजे ठीक असतं," ती म्हणाली. "बाटल्यांचा हिशोब तिथे लागत नाही. सिस्टरनी सांगितलं. तुझ्यात काही खोट नाही. माझा साठा कमी आहे, पण संपलेला नाही. दोन दिवसांत जायचं आहे, दोघांनी, सहीला."

त्याने मान हलवली.

एवढं चालत आली, एवढं बोलली, आणि पुन्हा तेच. तिने पुढे होऊन त्याची हनुवटी धरली, सगळ्यांच्या देखत. "मान हलवू नकोस. सुट्टीच आहे ही."

त्याने हातातले बोळे खिशात टाकले.

"नाही कळलं मला," तो म्हणाला. "परत सांग."

भोंगा झाला. बाकीची माणसं बोळे घालत आत गेली आणि बाटल्या खणखणायला लागल्या. तो तिथेच उभा राहिला, आणि तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.