बिअर लेनमधला दगड

ऑल्डर्विकमध्ये विनिफ्रेड पास्कबद्दल एक कुजबुज कित्येक वर्षं चालू होती: लहानपणी दारूला न शिवण्याची शपथ घेतलेली ही बाई रोज दुपारी ‘फोर मेन’ या जुन्या सराईच्या मागच्या आवारात बसून चोरून बिअर पिते.

तिच्या हातात ग्लास कुणी पाहिला नव्हता. पण आवारातल्या लांबट, सपाट दगडावर ती बराच वेळ बसायची आणि उठायची तेव्हा डोळे लाल असायचे. पोस्टातल्या हेटी ग्रिमवुडला एवढं पुरे होतं. चिमूटभर पीठ मिळालं की हेटी त्यातून पावाची अख्खी लादी भाजून काढायची. त्यात त्या गल्लीचं नावच बिअर लेन.

विनिफ्रेडचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात कस्टर्ड ढवळण्यात गेलं. तिच्या हातच्या गुठळ्या अर्ध्या गावाने मुकाट गिळल्या होत्या. तिचा नवरा, लेन नावाचा, रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. तो फार बोलायचा नाही, आणि एके हिवाळ्यात तसाच न बोलता गेला.

मग डेस्मंड क्राउच नावाच्या माणसाने सराई विकत घेतली. आवारात मोटारी लावायला जागा हवी म्हणून दगड उखडायचा, असं त्याने जाहीर केलं. विनिफ्रेडची झोप उडाली. दगड वाचवायचा तर त्याला काहीतरी इतिहास हवा, असं कुणीतरी सहज म्हणालं, आणि जिने कधी शेजारणीकडे साखर मागितली नव्हती ती बाई दारोदार म्हाताऱ्यांना जुन्या रस्त्यांबद्दल विचारत सुटली. पिण्याची सोय वाचवायची धडपड बघा, म्हणून हेटीने भुवया उडवल्या.

खालच्या वस्त्यांकडून येणारे तिन्ही रस्ते सराईच्या आवारात का मिळतात, हे कुणाला सांगता येईना. शेवटी विनिफ्रेडने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कोपऱ्याच्या भिंतीवरची आयव्हीची वेल खरवडून काढली. खाली कोरलेलं जुनं नाव निघालं. आमच्या इंग्रजी बोलीत पिण्याची बिअर आणि तिरडीला म्हणतात ती ‘बिअर’ यांचा उच्चार एकच; लिहिताना तेवढा एका अक्षराचा फरक. भिंतीवरची गल्ली तिरडीची होती. टेकडीवरच्या चर्चकडे प्रेतं न्यायची ती ही वाट. दगडावर शवपेटी टेकवायची, खांदा बदलायचा, घसा ओला करायचा, म्हणून तिथे सराई उभी राहिली. सराईच्या पाटीवर रंगवलेले चौघे म्हणजे खांदेकरी. त्यांच्या हातात बिअरचे मग देणारा रंगारी फार नंतरचा.

गावसभेत चहा घेता घेता विनिफ्रेडने हे सगळं सांगितलं. क्राउच वाईट माणूस नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं आणि मग तो म्हणाला, की ही आजोबा-पणजोबांच्या वेळची गोष्ट झाली. इथे बसलेल्यांपैकी कुणी त्या दगडावर पेटी ठेवलेली पाहिली आहे का? खुर्च्या करकरल्या.

“काळजी करू नका, मिसेस पास्क,” तो हसत म्हणाला. “दगड गेला तरी तुमच्या ग्लासापुरतं टेबल ठेवतो मी.”

लोक हसले. हेटी सगळ्यांत मोठ्याने.

विनिफ्रेड उठली. कोटाची बटणं आधीच लावलेली होती, ती तिने पुन्हा चाचपली. बसून राहिली असती तर तिची गोष्ट तिच्यापाशी राहिली असती आणि दगड गेला असता.

“मी पाहिली आहे,” ती म्हणाली. “पांढरी होती. चौघं लागलीच नाहीत, माझ्या लेनने एकट्यानेच छातीशी धरून आणली. दगडाशी आला आणि म्हणाला, विनी, जरा टेकवू का गं? मी म्हटलं, टेकव. मग आम्हाला दोघांनाही ती परत उचलवेना.”

क्राउचने कप बशीत ठेवला, आवाज होऊ न देता. हेटीने विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

“मेरिअल.”

दगड राहिला. क्राउचच्या गिऱ्हाइकांच्या मोटारी अजून रस्त्यातच उभ्या असतात आणि दूधवाला रोज त्यांच्या नावाने बोटं मोडतो.

विनिफ्रेड पास्कने आयुष्यात बिअरचा एक घोटही घेतला नाही. मुलीच्या कबरीवर खूण नव्हती, चर्चच्या गवतात ती नेमकी कुठे आहे हे तिला सापडत नव्हतं, म्हणून ती त्या दगडावर जाऊन बसायची.