तिवरावरच्या गाठी

माझ्या चुलत दिराला आगरदांड्याच्या जेटीवर फेरीची वाट बघणाऱ्या गाड्यांसाठी जागा करायची होती. मध्ये आमच्या बांधालगतची तिवराची, खाऱ्या चिखलात वाढणारी झुडपं. खाडीची लाट आधी त्यांच्या अंगावर येते, मग बांधावर. बांधाला खांड पडली तर पहिलं खारं पाणी माझ्याच भातात.

भावजींना आयतंच कारण सापडलं. तिवराच्या पानापानावर गाठी उठल्या होत्या आणि गाठ फोडली की आत इवलीशी केशरी अळी. ती तळहातावर घेऊन ते वाडीभर फिरले. ही गादमाशी, म्हणे. तिवर तोडा, नाहीतर भात गेलं. गादमाशी आम्हाला चांगली ठाऊक. तिनं धरलेल्या भाताच्या पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होते, लोंबी येतच नाही. लोक घाबरले. नवराही म्हणाला, जाऊ दे, तोडू दे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला सगळेच तयार, याचा मला संताप आला.

भर बैठकीत मी उभी राहिले. "म्हैनाभर थांबा. ही अळी भाताला लागली, तर पयला कोयता मीच घालीन."

बादलीत भाताची रोपं लावली, मधोमध पाण्याच्या बाटलीत गाठींच्या फांद्या खोचल्या, वरून मच्छरदाणी बांधली आणि बादली ओट्यावर ठेवली. आठवड्याभरात गाठींना भोकं पडून चिलटांएवढ्या माश्या बाहेर आल्या, रोपांवर बसल्या आणि दोन दिवसांत मेल्या. पुढे एक रोप पिवळं पडलं, तरी मी ते उपटलं नाही, होतं तसंच ठेवलं.

महिन्याने सगळे जमले. पिवळं रोप मी आधी उपटून चिरलं, मग बाकीच्यांचा एकेक पोंगा दाबून दाखवला. नळी एकही नव्हती, अळीही नाही.

भावजी म्हणाले, तरी जागा मोकळी केलेली बरी.

"मंग गादमाशीचं नाव घेऊ नका, भावजी. गाड्यांना जागा पायजे म्हना. आनि तुमच्या गाड्यांपायी आमचं भात बुडालं तरी चालंल, तेबी हितंच म्हना."

भावजी चपला घालून ओट्यावरून उतरले, आणि कोयता कुणी आणला नाही.

तिवरं उभी आहेत. यंदा पुन्हा पानांवर गाठी आल्यात. भावजी बांधावरून जाताना मान वळवतात. मी न्याहारी मुद्दाम तिथंच सोडते, सगळ्यात जास्त गाठींच्या झुडपाखाली, आणि त्यांना भाकरी खायला हाक मारते.