विनोदने खारट केलेलं आइस्क्रीम

विनोदचं लग्न चाळिशीच्या तोंडावर झालं. त्याआधी तो मुंबईला एका छापखान्यात होता. छापखाना बंद पडला तसा तो पालीजवळच्या आपल्या गावी परतला आणि पुढे मिरकरवाड्याला एका बर्फ कारखान्यात लागला. मच्छीमारांच्या होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या काढायच्या, फोडायच्या, टेम्पो भरायचे.

मृणालीचं स्थळ एका नातेवाइकाने सुचवलं. तिचा पहिला नवरा काविळीने गेला होता आणि तिची मुलगी वेदिका पाच वर्षांची होती. लग्न साधंच झालं. तिघं शहराच्या कडेला दोन खोल्यांत राहू लागली.

वेदिका विनोदला काहीच म्हणत नसे. मृणालीने 'बाबा म्हण' असं सांगून पाहिलं, तर पोर जमिनीकडे बघायची. तहान लागली तरी आई येईपर्यंत थांबायची. विनोदने तिला कधी त्यावरून टोकलं नाही. पण कामावरून आला की तो दारातच खाकरायचा आणि भाडेकरूसारखा आत शिरायचा.

मृणाली गणपतीपुळ्याला एका लॉजच्या स्वयंपाकघरात होती. मे महिन्यात पर्यटकांची गर्दी झाली आणि तिची रविवारची सुट्टी गेली. एरवी शेजारच्या आनंदीबाई वेदिकाला बघायच्या, पण एका रविवारी त्या लग्नाला गेल्या. घरात दोघंच उरली.

चहा झाला.

"आइस्क्रीम करूया काय?" विनोदने विचारलं.

वेदिकाने उठून चपला घातल्या. दोघं मोटारसायकलवरून कारखान्यात गेली आणि लादीचा एक तुकडा गोणपाटात बांधून घेऊन आली.

"ह्यात मासे होते?" अंगणात गोणपाट उतरवताना तिने विचारलं. थेट त्याला असं तिने क्वचितच काही विचारलं होतं.

"नाय. मासे नंतर येतात. हा अजून कोरा हाय."

दूध त्याने सकाळीच आटवून ठेवलं होतं. त्यात साखर आणि दोन हापूसचा रस घालून ते झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतलं. डबा बादलीत उभा केला, भोवती मोगरीने फोडलेला बर्फ भरला आणि वर मूठमूठ जाडं मीठ टाकलं.

"मीठ कशाला?"

"मीठ घातलं की जास्त गार होतं. मग दूध लवकर घट्ट होतं."

वेदिका दोन्ही हातांनी डबा फिरवू लागली. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. घरात रेंज नव्हती, म्हणून विनोद रस्त्यापर्यंत जाऊन बोलून आला. मग आळीपाळीने दोघांनी डबा फिरवला. हात बधिर झाले की वेदिका ते गालाला लावून बघायची. शेवटी झाकण काढलं तर आत पिवळसर गोळा धरला होता. विनोदने चमचाभर तोंडात घातलं आणि तो थांबला.

"मी मीठ आत बी घातलं," वेदिका हळूच म्हणाली. "लवकर व्हावं म्हणून."

ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. हाताकडे बघत होती.

विनोदच्या ते लक्षात आलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले. "कुठे घालायचं ते मी नीट सांगितलं नाय," तो म्हणाला. "तुझं चुकलं नाय."

संध्याकाळी मृणाली आली. हौसेने तिने चमचा भरला आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे काय?"

"विनोदने खारट केलं," वेदिका म्हणाली.

मृणाली चव विसरली. "काय म्हणालीस? नावाने?"

"व्हय, मीठ जास्त झालं माझ्याकडून," विनोद म्हणाला.

"मी नावाचं बोलतेय."

"मग? माझं नाव तेच हाय."

बादलीतलं मिठाचं पाणी माडाच्या मुळाशी ओतायला तो बाहेर गेला. बादली रिकामी झाल्यावरही तो तिथे उभा राहिला. आपल्याला या घरात कोणीतरी हाक मारेल, हे त्याने धरून चाललेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी वेदिकानेच गोणपाट शोधून आणलं. त्या वेळी आइस्क्रीम जमलं, जरा कचकचीत झालं एवढंच. आनंदीबाईंना वाटीभर दिलं. खाताखाता त्या म्हणाल्या, "बापाला नावाने हाक मारतं हे पोर!"

"निदान मारतंय तरी," विनोद म्हणाला.

सातवीत असताना वेदिकाने एकदा विचारलं, "मी तुला बाबा म्हणू?"

"म्हण की."

दोनेक दिवस तिने तसं म्हणून पाहिलं. विनोद ओ द्यायचाच नाही. हाक आपल्याला आहे हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही. दोघांनाही हसू यायला लागलं आणि ती पुन्हा नावावर आली.

आता ती नववीत आहे. विनोद कारखान्यातच आहे, पण कंबर धरल्यापासून लाद्या उचलत नाही, मशीनवर असतो. मृणालीने लॉज सोडून घरगुती डबे सुरू केले आहेत. संध्याकाळी ते पोचवायला विनोद आणि वेदिका जातात. मोटारसायकल जुनी झाली आहे. चढ लागला की वेदिका उतरते आणि डब्यांची पिशवी घेऊन मागून चालत येते.