सराईची कमान आणि महालिंगअप्पा

महालिंगअप्पा गेल्याचं मला बीडच्या बसस्थानकावर कळलं. शोकसभा शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये ठेवली आहे, हेही त्याच दमात. डोकंच फिरलं माझं. ज्या सराईसाठी हा गवंडी अख्ख्या गावाशी भांडला, ती पाडून बांधलेल्या हॉलात त्याच्या फोटोला हार घालायचा? मी गेलो नाही.

सिरसाळ्याच्या वाटेवरची ती निजामाच्या काळातली सराई. अंगणाभोवती खाली बैलांचे गोठे, वर मुसाफिरांच्या खोल्या. जनावरांची ऊब थंडीत वर पोचावी म्हणून मधलं छत मुद्दाम फळ्यांचं ठेवलंय, असं अप्पा सांगायचे. दरवाजाची कमान एवढी उंच की कडब्याने भरलेली गाडी सरळ आत यावी. अप्पांच्या घराण्यानेच तिला पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचा गिलावा केला. कपिलधारच्या वारीहून पायी परतले की अप्पा आधी कमानीपाशी थांबत, मग घरी. माझ्यासारख्या शाळामास्तराला हे सगळं समजावून द्यायची त्यांना भारी हौस... कमानीच्या माथ्याकडे बोट करून म्हणायचे, "गुरुजी, ह्यो मधला दगड हाय तवर कमानीला काई होत न्हाई."

नव्वदच्या दशकात गावात ज्याला त्याला दुकानाचा गाळा हवा झाला. खुलं धोरण आलं म्हणे! सराई धोकादायक ठरवायला एक इंजिनिअर आला. अप्पा मागे उभे होते, मीच शहाणा पुढे झालो. कमान किती भक्कम आहे हे पटवायला त्या दगडाकडे बोट दाखवून अप्पांचं वाक्य ऐकवलं. त्याने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. महिनाभराने पाडायला आलेल्यांनी दुसरीकडे घाव घातलाच नाही. शिडी लावून आधी तोच दगड उचकटला. दुपारच्या आत कमान खाली. गाव निर्लज्जासारखं बघत उभं होतं, आणि गावात मीही होतो.

अप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यानंतर कामातलं त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही, पोटच्या मुलाला, शिवलिंगलाही नाही. तो शेजारी येऊन उभा राहिला की ते पाठ फिरवून चुना कालवायचे.

परवा त्यांच्या घरी गेलो. शिवलिंगने मला अप्पांच्या खोलीत नेलं. थापी, ओळंबा, चुन्याचं घमेलं, सगळं धुऊन पुसून जागच्या जागी. त्याने थापी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"गुरुजी, मला तर कामाचं काईच सांगितलं न्हाई अप्पानं. तुमाला तरी सांगितलं व्हतं का?"

"सांगितलं होतं रे... मी ते इंजिनिअरला सांगितलं."