गोजराकाकी आणि स्वस्तातली भुतं

दिलीपने बापाकडे हट्ट करून रिकाम्या गोठ्यात व्हिडिओ आणला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गोजराकाकी सगळ्यांच्या पुढे गोणपाट टाकून बसली. पुढची दोन वर्षं ती जागा तिचीच राहिली. जासईच्या अलीकडचं हे खाडीकाठचं गाव. शेतं सरकारने नव्या शहरासाठी घेतलेली, बैल विकलेले, म्हणून गोठा मोकळा. तिथे रोज दुपारी तीनचा खेळ व्हायचा. मारामारीच्या सिनेमाकडे काकी फिरकत नसे, देवाच्या सिनेमाला लाजेकाजेस्तव यायची. भुताचा सिनेमा लागला की मात्र हातातली मासळी मांजराच्या भरवशावर टाकून धावायची.

आणि नुसती बघायची नाही, बोलायची. "ह्यो बंगला मागच्या सिनेमान पन होता. भूत बदललं, बंगला त्योच!" गोठा खो खो हसायचा. धुक्याला ती शेणीचा धूर म्हणायची आणि चेटकिणीच्या केसांना काथ्या. पन्नाशीची, कपाळभर कुंकू लावणारी ही बाई भुताला भ्यायची नाही. भूत चुकलं की चिडायची. तिच्या मते भारीतले सिनेमे अगदीच फुकट. त्यात भूत येण्याआधी बाजा वाजतो आणि वर लख्ख उजेड. स्वस्तातल्या सिनेमावाल्यांना दिवे परवडत नाहीत, म्हणून त्यांचा काळोख खरा असतो.

"कालोखान डोले तानाया लागतात," ती म्हणायची, "आनि तानले का मग दिसतंय." काय दिसतं, ते कधी सांगायची नाही.

तिला काय बघायचं होतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा शिवा गावाच्या उघाडीवर होता. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीला बंद करायचं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात, उधाणाच्या दिवशी, शिवा भर दुपारी बांध बघायला गेला तो परतलाच नाही. मडं सापडलं नाही. मडंच नाही तर विधवा कशी म्हणायची? काकीने कुंकू पुसलं नाही आणि कोणाला पुसूही दिलं नाही.

आता बारा वर्षं भरली होती. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. दीर धर्मराज रोज ओटीवर येऊन बसायचा. दिलीप हा त्याचाच मुलगा. त्याचं लग्न ठरलं होतं, पण थोरल्या चुलत्याचं कार्य अडकलेलं असताना दारात मांडव कसा घालणार?

"वयनी, आता व्हय म्हना."

"मेलेला मानूस घरी येतो का नाय?" काकीने विचारलं.

"ता मी काय सांगू?"

"येतो. आजपावत चालीस सिनेमे बघले. सगले खोटे, पन येका गोष्टीन सगल्यांचा येकमत हाय. मेला त्यो येतोच. तुजा भाऊ बारा वरसान येकदा तरी आला?"

आला नाही म्हणजे मेला नाही, इतका सरळ हिशेब. भुतांच्या भरवशावर नवऱ्याला जिवंत ठेवणारी दुसरी बाई पंचक्रोशीत नसेल. गाव तिला हसायचं, पण तिच्या तोंडावर कधीच नाही.

त्या थंडीत मुंबईहून एक मेटाडोर आली. दाढीवाला एक दिग्दर्शक, चार माणसं आणि एक कॅमेरा. बंद पडलेल्या मिठागराच्या कोठारात त्यांना भुताचा सिनेमा काढायचा होता. दिवस मावळताना भुताने बांधावरून चालत जायचं, असा शेवट होता. काकी तिथे पोचली नसती तरच नवल. भूत झालेला नट हात पुढे करून तरंगत निघाला, तसा तिने कपाळावर हात मारून घेतला.

"बांदावर असा कोन चालतो? खाली बघ. चार पावलांवर डावी टाच दाब. मऊ लागला का समजायचा, खाली खेकड्याचा बील हाय."

दिग्दर्शक हसला, पण माणूस शहाणा होता. काकीने लुगडं खोचून स्वतः चालून दाखवलं आणि नट शिकला. चार पावलं, टाच. चार पावलं, टाच. उजेड संपला तशी मंडळी सामान भरून निघून गेली.

चैत्रात दिलीपने पनवेलहून ती कॅसेट आणली. आपला बांध टीव्हीवर दिसणार म्हणून गोठा खच्चून भरला. धर्मराजसुद्धा मागे येऊन उभा राहिला. अर्धा तास काकीने नेहमीसारखी सगळ्यांची सालटी काढली. मग बांध आला, शिट्ट्या झाल्या. काळोख इतका की बांध कुठे संपतो आणि खाडी कुठे लागते ते कळेना. लांबवर एक माणूस चालत होता. चार पावलं, टाच. चार पावलं, टाच.

तो थांबला. वाकला. चिखल ओंजळीत घेऊन बिळात कोंबला, वरून मूठ आपटली. मग पाण्यात हात बुडवून ओले हात मानेमागे पुसले आणि पुढे चालू लागला.

हे काकीने शिकवलं नव्हतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"दिलीप, मागं घे."

दिलीपने कॅसेट मागे घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. "काकी, वाकतोय कुटं? सरल तं चाललाय," तो म्हणाला. बाकीच्यांनाही चालणारा नटच दिसत होता. पण मागे उभा असलेला धर्मराज बाहेर निघून गेला.

काकीने त्याला घरामागे गाठलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"तू बघितलास," ती म्हणाली.

"मानंला हात पुसलं, वयनी," धर्मराज म्हणाला. "दादाची खोड."

काकीला आलेली भीती गेली आणि तिच्या जागी रडू आलं, रागाचं रडू. "सिनेमावाले चुकले रं. ज्याचा काम बाकी, त्यो घरी कसा येनार? बारा वरसं बांद राखतोय. कोनाचा बांद? जमीन गेली, ता त्याला कोनी सांगितलाच नाय!"

खरंच नव्हतं सांगितलं. उघाडीवर माणूस बसवताना गाव त्याला नारळ द्यायचं आणि कामावरून उतरवताना पुन्हा नारळ देऊन "सुटलास" म्हणायचं. शिवा हरवला त्याच वर्षी जमिनी गेल्या, तेव्हा गावाने कागदांवर अंगठे उठवले, बैल विकले, नांगर माळ्यावर टाकले. बांधावर जाऊन कोणालाही नारळ दिला नाही.

चौथ्या दिवशी खाडीच्या काठी पुतळा मांडला. बायकांनी तिथे जायचं नसतं, पण काकी गेली आणि तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. धर्मराजने पेटतं लाकूड हातात घेतलं तेव्हा तिने त्याला थांबवलं. पानांच्या त्या मांडीवर नारळ ठेवला आणि वाकून कानाशी तोंड नेलं.

"शेती गेली. बांद आपला नाय ऱ्हायला. सुटलास तू."

मग पदराने तिने स्वतःच कुंकू पुसलं.

बारा वर्षांत ज्यावर कोणी ओंजळभर मातीही टाकली नव्हती, तो बांध पुढच्याच पुनवेच्या भरतीला तीन ठिकाणी फुटला.