रुमाल कुणाचा

काल एसटीत खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल दिसला आणि मानवतच्या जिनिंग मिलचं ऑफिस आठवलं; तिथले कॉम्प्युटर मी बघायचो. सरकीचा तेलकट वास, की-बोर्डवर कापसाचे तंतू. त्या दिवशी पावत्या काढणारा जावाचा सर्व्हर सुरूच होईना, त्यामुळे वजनकाट्याच्या पावत्या बंद आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. पोर्ट आधीच वापरात आहे, एवढंच दर वेळी स्क्रीनवर यायचं. मी जावासुद्धा पुन्हा इन्स्टॉल करून पाहिलं. "काय म्हणायलंय ते?" काट्यावरच्या काकांनी विचारलं. "जागा कुणीतरी धरलीय म्हणतंय." "मंग रुमाल कुणाचा हाय ते बघा की!" बघितलं. सकाळी मीच चालू केलेला सर्व्हर आत अर्धवट अडकून बसला होता. तो बंद केला, पावत्या निघू लागल्या. "कुणाचा निघाला?" काकांनी विचारलं. "होता एक जुना," मी म्हणालो. काल सीटवरचा तो रुमाल पाहून मी आधी स्वतःचाच खिसा चाचपला.